पाणी थंडावताना शिवडा आणि शिंगाळा: नाशिकच्या धरणांवर ऑक्टोबर ते जानेवारी गळ कसा टाकावा

ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांत नाशिक जिल्ह्यातल्या धरणांत दोन गोष्टी एकदम घडतात. पाणी थंड होत जातं आणि पाणी कमीही होत जातं. पहिली गोष्ट सगळ्या गळवाल्यांना कळते, कारण पहाटे हात गारठतात. दुसऱ्या गोष्टीकडे फार कमी लोक बघतात. शिवडा आणि शिंगाळा हे मिश्यांचे मासे मात्र दोन्हींनुसार हलतात. थंडीत ते खायचं थांबवत नाहीत, फक्त जागा आणि वेळ बदलतात. म्हणून दसऱ्याला मासा लागला त्याच दगडावर नाताळात बसलं तर हाती काही लागत नाही, आणि दोष थंडीच्या माथी जातो.

या लेखात काठावरून, रॉड-रीलने करायच्या मासेमारीबद्दल लिहिलं आहे. जाळ्याचा आणि होडीवरच्या मासेमारीचा विषय वेगळा.

आधी परवानगी

महाराष्ट्रातल्या बहुतेक धरणांत मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे असतो. गंगापूर असो, दारणा असो की दिंडोरीकडचं वाघाड किंवा करंजवण, काठावरच्या गावात जाऊन ठेका कुणाकडे आहे ते विचारा. संस्थेच्या माणसाला भेटा, किती गळ आणि किती मासा चालेल ते ठरवा, पावती मिळत असेल तर घ्या. संस्था दरवर्षी पैसे घालून बीज सोडते, त्यामुळे न विचारता बसलेला माणूस त्यांच्या लेखी चोरच असतो. माहिती मिळत नसेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी.

धरणाची भिंत, दरवाजे, सांडवा आणि पाणीउपशाच्या विहिरी यांच्या जवळपास बसू नका. गंगापूरचं पाणी नाशिक शहर पितं, तिथले नियम पाळायलाच हवेत. नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. मासा कितीही असला तरी तिथं गळ टाकायचा नाही. सुरुंग आणि विष वापरून मासे मारणं तर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. असं काही दिसलं तर संस्थेला लगेच कळवा.

कोणता मासा, कसा वागतो

मिश्या असलेला, खवले नसलेला प्रत्येक मासा एकाच पद्धतीने लागत नाही.

शिवडा लांबट, चपट्या अंगाचा, जबडा डोळ्याच्याही मागपर्यंत फाटलेला. दिवसा बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी किंवा काठाखालच्या कपारीत पडून राहतो, अंधार पडायला लागला की लहान माशांच्या मागे उथळावर येतो. आमिष उचलून धावतो. तोंडात बारीक, आत वळलेल्या दातांच्या पट्ट्या असतात. त्या तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) एका झटक्यात कापत नाहीत, पण घासून घासून झिजवतात. हा मासा आता जागतिक पातळीवर संकटग्रस्तांच्या यादीत ‘असुरक्षित’ गणला जातो. म्हणून दोन फुटांखालचा शिवडा परत सोडावा, आणि मोठा लागला तरी दिवसाला एकावर थांबावं, असं आमचं ठाम मत आहे.

शिंगाळा वेगळा. तोंड खालच्या बाजूला, वरच्या मिश्या लांबलचक, पाठीवर मागे मांसल पर आणि त्याच्या बुडाशी काळा ठिपका. हा तळाचा मासा. वाळू, मुरूम, गोटे असलेला कठीण तळ त्याला आवडतो, निव्वळ गाळ नाही. शिवड्यापेक्षा थंडीत जास्त नियमित खातो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत भरवसा याच्यावर ठेवावा. पाठीचा आणि छातीच्या परांचा काटा करवतीसारखा असतो आणि ताठ झाला की तसाच अडकून राहतो.

शिंगटी म्हणजे वीतभर लांबीची मंडळी. आमिष कुरतडण्यात पटाईत. त्यांचा बंदोबस्त पुढे येईल.

मागूर लागला आणि तो दीड-दोन किलोचा असेल तर तो देशी नाही हे जवळपास नक्की समजा. देशी मागूर एवढा होत नाही. तो आफ्रिकी जातीचा, बाजारात थाई मागूर म्हणून येणारा. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे, कारण तो दिसेल ते खातो आणि देशी मासा संपवतो. असा मासा पाण्यात परत सोडू नका, दुसऱ्या तळ्यात नेऊन तर मुळीच टाकू नका.

थंडावणारं पाणी वाचायचं कसं

पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि खालच्या गार पाण्यावर तरंगत राहतं. वारा कमी असेल तर हे दोन थर मिसळत नाहीत. खालच्या थरात कुजणारा पालापाचोळा आणि पुराबरोबर आलेला गाळ प्राणवायू खाऊन टाकतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये फार खोल गळ टाकणं म्हणजे बहुतेक वेळा रिकाम्या पाण्यात आमिष घालणं.

नोव्हेंबरमध्ये रात्री गार होऊ लागल्या की वरचं पाणी थंड होतं, जड होतं आणि खाली उतरतं. थर मिसळतात. हे मिसळणं चालू असताना दोन-चार दिवस मासा अगदी मलूल असतो, कारण तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी वर येतं. त्या दिवसांत पाण्याला किंचित कुजका वास येतो, रंग धुरकट दिसतो, काठाला फेस जमतो. असं दिसलं तर धरणाच्या मुख्य भागात बसू नका. नदी किंवा नाला जिथं धरणात येऊन मिळतो त्या फुगवट्याच्या टोकाला जा, तिथं वाहतं पाणी ताजं असतं. मिसळणं पूर्ण झालं की तळापर्यंत प्राणवायू पोचतो आणि शिंगाळ्याला सगळा तळ मोकळा होतो. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे वर्षातले सर्वांत चांगले.

हे अंदाजाने ठरवू नये, मोजावं. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा साधा थर्मामीटर पुरतो. खोलीवरचं पाणी वर आणण्यासाठी एक बाटली घरीच करता येते. सॉसची पाव लिटरची काचेची बाटली घ्या. बुडाशी साधारण ३०० ग्रॅम शिसं तारेने आवळून बांधा, नाहीतर रिकामी बाटली बुडतच नाही. गळ्याला एक नायलॉनची दोरी आणि तोंडात हलकेच बसवलेल्या बुचाला दुसरी दोरी. पहिल्या दोरीला दर मीटरला गाठ मारा. उभ्या कातळावरून किंवा लांब बांबूच्या टोकावरून बाटली ४ मीटर खाली सोडा, बुचाच्या दोरीला झटका द्या. बुडबुडे यायचे थांबले की बाटली भरली. दोन मिनिटं तशीच ठेवा, म्हणजे काचही त्या तापमानाला येईल. मग भराभर वर ओढा आणि सावलीत थर्मामीटर आत घाला. बूच फार घट्ट बसवलं तर खोलीवरचा दाब ते आणखी आत दाबतो आणि झटक्याने दोरीच तुटते. ते अंगठ्याने दाबावं, ठोकू नये.

आता वाचन. संध्याकाळी वरचं पाणी खालच्यापेक्षा दोन अंश किंवा जास्त गरम असेल तर थर अजून आहेत, ४ मीटरपेक्षा उथळच राहा. सकाळी दोन्ही सारखे असतील तर पाणी मिसळलं आहे, खोल जायला हरकत नाही. वर आलेल्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास असेल तर त्या खोलीवर आज मासा नाही, दुसरं काहीही बघायची गरज नाही.

साधारणपणे ऑक्टोबरमध्ये वरचं पाणी २६ ते २८ अंश, नोव्हेंबरच्या मध्यावर २३ ते २५, आणि डिसेंबरअखेर २० ते २२ अंशांच्या आसपास येतं. हे आकडे पाण्याचे, हवेचे नव्हेत. निफाडचा पारा एका रात्रीत सहा अंश उतरला तरी धरणाचं पाणी एका रात्रीत फार तर अर्धा-एक अंश उतरतं. पण तेवढ्यानेही मासा एक-दोन दिवस तोंड मिटतो. थंडीची लाट आली त्या दिवशी जाऊ नका. थंडी तशीच टिकली तर तिसऱ्या दिवशी जा, तोवर मासा तिला सरावलेला असतो.

पाण्याची पातळी

रब्बीचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं पाणी, सुटलं की धरणाची पातळी रोज थोडी थोडी उतरते. ज्या वर्षी जायकवाडी भरलेलं नसतं त्या वर्षी समन्यायी पाणीवाटपाच्या नियमाने नाशिक-नगरच्या धरणांतून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खाली पाणी सोडलं जातं, तेव्हा उतार आणखी वेगाने पडतो. पाणी उतरायला लागलं की उथळ पठारावर चरणारे लहान मासे पहिल्यांदा मागे सरतात आणि त्यांच्यामागे शिवडा. ते थेट मधल्या खोल पाण्यात जात नाहीत. पठार जिथं तुटून जुन्या नदीच्या पात्रात उतरतं त्या धसेवर येऊन थांबतात. सगळा डाव ती धस शोधण्याचा आहे.

पातळी उतरते आहे का, हे बघायला पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि दोन तासांनी बघा. बोटभर उतरली असेल तरी आवर्तन जोरात आहे असं समजा आणि गळ धसेच्या खालच्या अंगाला टाका. पातळी स्थिर असेल तर वरच्या अंगाला, पठाराच्या काठावर टाका. उतरलेल्या पाण्यामागे शेतकरी गाळपेर करतात. कोवळ्या हरभऱ्यातून किंवा गव्हातून वाट काढू नका, बांधाने फिरून जा. त्या माणसाशी दोन शब्द बोललात तर कुठं विहीर बुडाली आहे आणि कुठं जुना बांध आहे ते तोच सांगतो.

जागा घरी बसून शोधा

गूगल अर्थवर जुनी उपग्रह चित्रं बघायची सोय आहे. तुमच्या धरणाचं मे महिन्यातलं, शक्यतो दुष्काळी वर्षातलं चित्र काढा. पाणी तळाला गेलेलं असतं, त्यामुळे जुनं पात्र, त्याला मिळणारे ओहोळ, बुडालेले रस्ते, बांध, विहिरींचे गोल, बाभळीचे बुंधे सगळं उघडं दिसतं. मग तीच जागा ऑक्टोबरच्या चित्रात बघा आणि काठापासून पात्राची धस किती दूर आहे ते मोजपट्टीच्या साधनाने मोजा. काठावरून ४० ते ६० मीटर फेक जाते. धस याच्या आत येते अशाच जागा उपयोगाच्या. अशा जागा सहसा जिभेसारख्या पुढे आलेल्या टोकांवर किंवा वळणाच्या बाहेरच्या अंगाला असतात.

दारणा १९१६ चं धरण, शंभर वर्षांहून जास्त गाळ त्यात बसला आहे, त्यामुळे चित्रात दिसणारी धस प्रत्यक्षात बोथट निघू शकते. गंगापूर १९६५ चं. इगतपुरीकडच्या मुकणे, भावली या धरणांचे काठ अनेक ठिकाणी मुरमाचे आणि खडकाळ, तिथं शिंगाळा शोधावा. गिरणा पसरट आणि मोठं, तिथं वाऱ्याची दिशा जास्त महत्त्वाची ठरते.

प्रत्यक्ष जागेवर गेल्यावर आमिषाशिवाय नुसतं ५० ग्रॅमचं शिसं फेका आणि तळावरून हळू ओढा. रॉडच्या टोकाला टकटक जाणवली तर गोटे किंवा मुरूम. जड, चिकट ओढ म्हणजे गाळ. अचानक हलकं झालं आणि मग एकदम चढ लागला तर तिथं धस आहे. त्या अंतरावर दोरीला रंगीत धागा बांधून खूण करा, म्हणजे अंधारातही प्रत्येक फेक तिथंच जाते.

महिन्यांप्रमाणे

ऑक्टोबरमध्ये उथळ बसा, दीड ते तीन मीटर पाणी, नाल्याच्या तोंडाशी, बुडालेल्या झुडपांच्या कडेला. वेळ सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास ते पुढे दोन तास, आणि पहाट. भर दुपारी घाम गाळण्यात अर्थ नाही.

नोव्हेंबरमध्ये धस. ३ ते ५ मीटर. मिसळणं पूर्ण झालं असेल तर दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंत सलग बसता येतं. पावसाळ्यात अंडी घालून खंगलेला मासा या काळात अंग भरून काढत असतो, म्हणून मोठं आमिष चालतं.

डिसेंबर आणि जानेवारीत पहाट सोडून द्या. रात्रभर गारठलेलं पाणी सकाळी नऊपर्यंत मेल्यासारखं असतं. दुपारी दोन ते साडेसहा हीच खरी वेळ. काठ उत्तरेचा निवडा, म्हणजे तुमचं तोंड दक्षिणेकडे होईल. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या काठाचा उतार दिवसभर तापतो आणि काळसर खडक ती ऊब धरून ठेवतो. दुपारच्या वाऱ्याने लाटा ज्या काठाला लागतात तिथं वरचं कोमट पाणी आणि त्याबरोबर लहान मासा ढकलला जातो. हे दोन्ही गुण एकाच काठाला असले तर दुसरीकडे बघू नका. खोली ४ ते ७ मीटर, पण उन्हं कलताना एक गळ मुद्दाम दीड-दोन मीटरवर ठेवा. खोलात पडून राहिलेला शिंगाळा त्या वेळी उतार चढून वर येतो, आणि हे पुष्कळांना पटत नाही म्हणून ती जागा मोकळी मिळते.

साहित्य

रॉड ८ ते १० फुटांचा, ४० ते १०० ग्रॅम वजन फेकणारा. त्याहून आखूड रॉडने मासा खडकाच्या कडेवरून उचलून आणता येत नाही. रील ४००० ते ६००० आकाराचं. त्यावर ०.४० ते ०.४५ मिमीचा तंगूस, किमान १५० मीटर. विणलेली दोरी वापरायची तर ३० पौंडांची, पण खडकाळ काठावर ती घासून पटकन तुटते. नवशिक्याने तंगूसच घ्यावा, तो ताणला जातो आणि चुका पोटात घालतो.

गळ: शिवड्यासाठी ४/० चा सर्कल हुक, शिंगाळ्यासाठी २/०. सर्कल हुकची टोकं आत वळलेली असतात, त्यामुळे तो घशात न रुतता बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात बसतो. मासा परत सोडायचा असेल तर हाच वापरावा. विकत घेताना गळ टेबलावर आडवा ठेवून बघा. टोक बाजूला वाकलेलं असेल तर तो नको, तो आतड्यात अडकतो.

जुळणी सरकत्या वजनाची. मुख्य तंगुसात आधी भोक असलेलं शिसं ओवा, ४० ते ६० ग्रॅम, वारा असेल तर ८०. त्यामागून एक रबरी मणी. मग स्विव्हल (दोन टोकांची फिरती कडी) बांधा. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला ०.६० ते ०.७० मिमीचा जाड तंगूस ४५ सेंटिमीटर, त्याच्या टोकाला गळ. मणी विसरलात तर शिसं गाठीवर आपटत राहतं आणि दोन तासांत गाठ कच्ची होते. जाड तंगूस शिवड्याच्या दातांसाठी आहे. एकेका माशानंतर त्यावरून नख फिरवा, खरखरीत लागला तर कापून नवा बांधा. कोणतीही गाठ आवळण्याआधी थुंकीने किंवा पाण्याने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने तंगूस जळतो आणि ऐन ओढीत गाठीपाशीच तुटतो.

बाभळीच्या बुंध्यांत बसायचं असेल तर शिसं मुख्य दोरीत ओवू नका. स्विव्हलला ०.२५ मिमीच्या बारीक तंगुसाचा वीतभर तुकडा बांधून त्याला शिसं लटकवा. अडकलं तर फक्त तो तुकडा तुटेल, गळ आणि मासा हाताशी राहील.

ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की रीलमधून दोरी सुटू देणारी अडवण, हाताच्या अंदाजाने लावू नका. दोरीला भाजीवाल्याचा स्प्रिंगकाटा अडकवून ओढा. १० किलो ताकदीच्या तंगुसाला अडीच ते तीन किलोवर रील सुटायला हवं. बहुतेक तुटलेल्या दोऱ्यांचं कारण इथंच असतं.

आमिष

पाणी कोमट असताना वास लवकर पसरतो, तेव्हा कोंबडीची कलेजी उत्तम. पण ती मऊ, फेकताना गळून पडते. अंगठ्याएवढा तुकडा गळात दोनदा ओवा आणि शिवणकामाच्या इलॅस्टिक धाग्याचे आठ-दहा वेढे द्या, गाठीची गरज नसते. कलेजी मीठ लावून एक रात्र फ्रीजमध्ये ठेवली तर घट्ट होते. वीस-पंचवीस मिनिटांत ती पांढरी पडते, वास संपतो. तेव्हा बदलाच.

नोव्हेंबरमध्ये शिवड्यासाठी त्याच पाण्यातला ताजा मासा. चिलापीचा दोन बोटं रुंद उभा काप, कातडीसकट. गळ कातडीच्या बाजूने बाहेर काढा, टोक पूर्ण उघडं ठेवा. सर्कल हुकचं टोक मांसात बुडालं तर तो फिरूच शकत नाही, आणि निम्मे मासे सुटतात ते याच कारणाने. बाजारातला बर्फातला मासा चालतो, पण ताज्या रक्ताची सर त्याला नाही. जिवंत मासा बाहेरून आणून आमिष म्हणून वापरू नये, त्यातूनच परकी जात नव्या धरणात शिरते.

थंड पाण्यात माशाचं पचन मंदावतं. एकदा पोटभर खाल्लं की तो बराच काळ पुन्हा खात नाही. म्हणून डिसेंबरपासून आमिष निम्मं करा. कोळंबीचा सोललेला एक तुकडा किंवा चार-पाच गांडुळांचा झुबका, १/० चा गळ. शिंगाळ्याला गांडूळ कायम चालतं.

पिठाचे गोळे, कोंडा, सडलेलं मटण पाण्यात ओतून मासा गोळा करण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. पिण्याच्या पाण्याच्या धरणात ती करू नये. थंडीत तर तिचा उपयोगही नाही, पोट भरलेला मासा गळाकडे येतच नाही.

फेक, वाट आणि ओढ

दोन रॉड पुरेत, तीन झाले की लक्ष राहत नाही. एक खोलात, एक उथळाकडे. फेकल्यावर शिसं तळाला टेकू द्या, दोरीतला ढिलेपणा गोळा करा, रॉड टेकूवर आडवा ठेवा. सर्कल हुक असेल तर दोरी हलकी ताणलेली हवी.

ऑक्टोबरमध्ये अर्ध्या तासात हालचाल नाही तर पाच मीटर इकडे-तिकडे फेका. जानेवारीत एका जागी पाऊण तास थांबा. गारठलेला मासा आमिष शोधत लांबून येत नाही, पण जवळ असेल तर सावकाश का होईना उचलतो.

शिवड्याची खूण स्पष्ट असते, एकदोन टकटक आणि मग सरळ धाव. शिंगाळा रॉडचं टोक हळूहळू वाकवतो आणि तसंच धरून ठेवतो. दोन्ही वेळा झटका मारू नका. सर्कल हुकला झटका दिला की तो तोंडातून जसाच्या तसा बाहेर येतो. रॉड उचला, रीलचा दांडा शांतपणे फिरवत राहा, वजन लागलं की गळ आपोआप कोपऱ्यात बसतो.

नुसती टुकटुक चालू असेल आणि आमिष साफ होत असेल तर शिंगटी किंवा खेकडे. शिंगटी असेल तर आमिष बदला, कातडीसकट कडक काप लावा. खेकडे असतील तर गळापासून पाच सेंटिमीटरवर आमिष उचलेल एवढा बुचाचा तुकडा ओवून पक्का करा. आमिष तळापासून थोडं वर तरंगतं आणि खेकड्याच्या नांगीला सापडत नाही.

मासा लागल्यावर पहिली दहा सेकंद महत्त्वाची. शिवडा सरळ बुंध्याकडे पळतो, त्या वेळी रॉड आडवा करून त्याचं तोंड बाजूला वळवा. एकदा मोकळ्या पाण्यात आला की घाई नको. शिंगाळा तळाला चिकटून बसतो. तेव्हा रॉड उंच धरून दोरी ताठ ठेवा आणि थांबा, तो स्वतःच निघतो. काठाशी आल्यावर दोरी धरून उचलू नका, हातजाळं डोक्याकडून घाला.

हाताळणी

खाली ओला प्लॅस्टिकचा कागद अंथरा. कोरड्या गोणपाटाने अंगावरचा चिकट थर निघतो, आणि तो गेला की सोडलेला मासा बुरशीने मरतो. शिवड्याचा खालचा जबडा जाड हातमोज्याने धरा, उघडी बोटं आत घालू नका. शिंगाळ्याला मागून, छातीच्या काट्यांच्या मागे तळवा ठेवून धरायचं. काटा रुतला तर जखम साबणाने धुवा आणि सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, ठणका बराच कमी होतो. थर्मासमध्ये गरम पाणी त्यासाठीच न्यावं. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, सूज चढत असेल किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर डॉक्टरकडे जा.

सोडायचा मासा पाण्यात सरळ धरून ठेवा, तो स्वतः शेपटी मारेपर्यंत. गळ घशात गेला असेल तर उपसू नका, दोरी जवळून कापा.

खायला घ्यायचा तर जागेवरच मारून, पोट साफ करून बर्फात ठेवा. चिकटा काढायला जाड मीठ किंवा चुलीतली राख चोळून धुवावं. गाळाचा वास येत असेल तर तुकडे मीठ-हळद लावून ताकात वीस मिनिटं ठेवावेत, मग फोडणीत घालावेत.

अंधार, गाळ आणि बिबट्या

दारणाकाठी आणि निफाड-दिंडोरीच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. हिवाळ्यात साडेसहालाच अंधार पडतो. एकट्याने बसू नका, लहान मुलांना पाण्याकडे तोंड करून वाकून बसवू नका, माशाची आतडी काठावर टाकू नका. गाडीपर्यंतची वाट उजेडात पाहून ठेवा. थंडीत ऊन खायला घोणस दगडांवर पडलेली असते, दगड हलवण्याआधी काठीने आपटा.

उतरलेल्या पाण्याच्या कडेचा गाळ वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो आणि पाय ठेवला की मांडीपर्यंत जातो. काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नका. अडकलात तर उभं राहून जोर लावू नका, आडवं होऊन अंगाचं वजन पसरवा आणि पाय सावकाश सोडवा. धरणाच्या खाली नदीपात्रात बसला असाल तर भोंगा ऐकू येताच साहित्य सोडून वर चढा.

निघताना तंगुसाचा प्रत्येक तुकडा गोळा करून न्या. नोव्हेंबरपासून या पाण्यावर बाहेरून आलेली बदकं आणि करकोचे उतरतात, आणि हातभर तंगूस पायात गुंतला तर पक्षी उडू शकत नाही. तंगूस जाळू नका, वीतभर लांबीचे तुकडे करून घरच्या कचऱ्यात टाका. घरी आल्यावर रील ओल्या फडक्याने पुसून ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून चिकटतात आणि पुढच्या खेपेला पहिल्याच धावेत दोरी तुटते.